चोवीस व्होल्टची शेवरोले: एम१००८ घरच्या घरी चालती ठेवताना

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या ट्रकचे आठही हीटर प्लग, म्हणजे थंडीत डिझेल पेटावं म्हणून विजेवर तापणारे प्लग, गेले. आधी एक गेला, त्याच आठवड्यात आणखी दोन, आणि शनिवारी सकाळी बाहेर उणे चौदा असताना उरलेले पाच. मी नवे आठ आणून बसवले. तेही महिनाभर टिकले नाहीत. इथे मिशिगनमध्ये आमच्याकडे जळाऊ लाकूड आणायला आणि अंगणातलं बर्फ सारायला हाच ट्रक आहे, त्यामुळे तो उभा राहिला की घर अडतं. त्या महिन्यात मी गॅरेजमध्ये वायरिंगचा नकाशा जमिनीवर पसरून बसले आणि मग हा ट्रक मला पहिल्यांदा समजला. तुम्ही असा ट्रक घेतला असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर तो महिना तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकाच्या मध्यात शेवरोलेकडून बाजारात मिळणारेच पिकअप आणि ब्लेझर थोडे बदल करून घेतले. त्या गाड्यांना सीयूसीव्ही (कमर्शियल युटिलिटी कार्गो व्हेइकल) म्हणतात. एम१००८ म्हणजे सव्वा टनी पिकअप, एम१००९ म्हणजे ब्लेझर, एम१०१० म्हणजे रुग्णवाहिका. इंजिन ६.२ लिटरचं डिझेल व्ही-८, गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक टीएच-४००. माझा १९८५ चा एम१००८ आहे. सैन्यातून लिलावात निघाल्यावरचा मी त्याची तिसरी मालकीण. अकरा वर्षं झाली.

या ट्रकमध्ये दोन गाड्या एकत्र नांदतात. इंजिन, ॲक्सल, दिवे, वायपर सगळं साध्या शेवरोलेचं, बारा व्होल्टवर चालणारं. पण सैन्याच्या बाकीच्या गाड्या चोवीस व्होल्टच्या. एका गाडीची बॅटरी उतरली तर दुसरीवरून केबल लावून ती सुरू करता यावी आणि रेडिओही चालावा, म्हणून यातला स्टार्टर चोवीस व्होल्टचा केला, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, दोन अल्टरनेटर बसवले आणि समोरच्या जाळीत केबल खुपसायचं सॉकेट दिलं. बारा आणि चोवीस जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा म्हणजे या ट्रकचं दुखरं अंग. घरी येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त तिथल्या असतात. त्यामुळे हातात पाना घेण्याआधी मल्टिमीटर घ्या.

माझी पद्धत सांगते. ट्रक रात्रभर उभा राहिला की सकाळी चावी न लावता तीन मापं घ्यायची. ज्या बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलं आहे ती ‘खालची’, जिचं ऋण टोक खालचीच्या धन टोकाला जोडलं आहे ती ‘वरची’. मी दोन्हींवर रंगाने ख आणि व लिहून ठेवलं आहे. दोन्ही वेगवेगळ्या मोजा, मग एकत्र. प्रत्येकी १२.६ आणि मिळून २५.२ च्या आसपास आलं तर ठीक. इंजिन सुरू करून पुन्हा मोजा: प्रत्येक बॅटरीवर १४ च्या आसपास, मिळून २८. एकीवर १४.२ आणि दुसरीवर १२.३ दिसलं, तर दुसरीचा अल्टरनेटर भरत नाही हे ट्रकने तुम्हाला सांगितलं. फक्त एकत्र मोजलं तर आकडा २६ च्या वर येतो, आपण समाधानाने बॉनेट लावतो, आणि चौथ्या दिवशी गाडी उठत नाही.

बॅटऱ्या नेहमी जोडीने बदला, एकाच प्रकारच्या, एकाच दिवशी. बारा व्होल्टचा रेडिओ, फोनचा चार्जर, ट्रेलरचे दिवे असं काहीही जोडायचं तर ते खालच्या बॅटरीवरूनच. वरचीच्या दोन टोकांमधून बारा व्होल्ट घ्यायचा मोह होतो, पण त्या उपकरणाचं ऋण टोक बॉडीला टेकलं की ठिणगीच. काम करताना सगळ्यात आधी खालचीचं बॉडीला जाणारं ऋण टोक सोडायचं आणि जोडताना ते सगळ्यात शेवटी लावायचं. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा. दोन बॅटऱ्यांच्या मधे पाना आडवा पडला तर तो लाल होतो, मी पाहिलं आहे.

अल्टरनेटरबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. यातल्या दोन्ही अल्टरनेटरचं ऋण टोक त्यांच्या बाहेरच्या कवचापासून अलग ठेवलेलं असतं. वरच्या बॅटरीला भरणाऱ्याचं ऋण टोक खरं तर बारा व्होल्टवर बसलेलं असतं, आणि त्याचं कवच मात्र इंजिनला, म्हणजे शून्यावर. दुकानातला साधा अल्टरनेटर दिसायला तसाच, बसतोही तसाच, पण त्याचं ऋण टोक कवचालाच जोडलेलं असतं. तो त्या जागी लावला की खालची बॅटरी थेट शॉर्ट होते. घेताना ‘अलग ऋण टोकाचा’ असं स्पष्ट सांगून घ्या, आणि बसवण्यापूर्वी त्याच्या ऋण टोकापासून कवचापर्यंत मीटर लावून बघा. जोड दिसला तर परत करा.

आता हीटर प्लग. हे इंजिन प्रत्यक्ष सिलिंडरमध्ये नाही, शेजारच्या छोट्या पूर्वकक्षात डिझेल फवारतं. थंडीत त्या कक्षाच्या भिंती उष्णता शोषून घेतात, म्हणून प्लग तापल्याशिवाय ते पेट घेत नाही. प्लग बारा व्होल्टचे. सैन्याने मात्र वीज चोवीसवरून घेतली आणि मधे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, रेझिस्टर बसवून ती निम्म्यावर आणली. कागदावर हे बरोबर आहे. पण रेझिस्टरवर किती व्होल्ट खर्च होतील हे पुढे किती प्लग वीज खेचतात त्यावर ठरतं. आठही धडधाकट असतील तर प्लगना त्यांच्या वाट्याचेच व्होल्ट मिळतात. एक गेला की एकूण प्रवाह घटतो, रेझिस्टरवर कमी व्होल्ट अडतात, उरलेल्या सातांना जास्त मिळतात. मग दुसरा जातो, सहांना आणखी जास्त. माझे आठ प्लग असे ओळीने गेले होते, आणि नवे घातल्यावरही तेच झालं, कारण त्यातला एक मुळातच सदोष निघाला.

तपासणी सोपी. इंजिन थंड असताना प्रत्येक प्लगची वायर उपसा. टेस्ट लॅम्पचा चिमटा खालच्या बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि टोक प्लगच्या पात्याला टेकवा. दिवा लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर मेला. उजवीकडचे प्लग वरून दिसतही नाहीत. पुढचं उजवं चाक काढून, चाकाच्या कमानीतला रबरी पडदा बाजूला करून हात घातला की सरळ समोर येतात. वरून धडपड करून मी पहिल्यांदा दोन तास घालवले होते, चाक काढून वीस मिनिटं लागतात.

काढताना जोर लावू नका. जुने १३जी प्लग जास्त तापले की टोकाशी फुगतात आणि भोकातून बाहेर येत नाहीत. आटे सुटल्यावरही प्लग अडला, तर थांबा. आटे सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी हाताने मागे-पुढे फिरवत काढा. ओढून काढलात तर टोक तुटून पूर्वकक्षात पडेल. तसं झालंच तर इंजिन सुरू करू नका. त्या सिलिंडरचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, काढून त्या वाटेने तुकडा बाहेर काढावा लागतो. नवे घालताना ६०जी घाला. ते तापल्यावर स्वतःच वीज कमी घेतात आणि फुगत नाहीत.

आणि रेझिस्टर बाजूला करा. हा बदल मी प्रत्येक मालकाला आग्रहाने सांगते. प्लगच्या रिलेला (प्लगची वीज चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचला) रेझिस्टरकडून येणारी जाड तार सोडा, तिचं टोक नीट झाकून बांधून ठेवा, आणि त्याऐवजी खालच्या बॅटरीच्या धन टोकावरून रिलेपर्यंत नवी जाड केबल आणा, मधे योग्य क्षमतेचा फ्यूज घालून. आठ प्लग मिळून शंभर अँपिअरच्या आसपास खेचतात, तेव्हा केबल स्टार्टरच्या केबलसारखी घ्या, दिव्याच्या वायरसारखी नको. आता एक प्लग गेला तरी बाकीच्यांना बाराच व्होल्ट मिळतात. रिले नवा घेणार असाल तर आधी त्याच्या छोट्या टोकांवर चावी दिल्यावर प्रत्यक्ष किती व्होल्ट येतात ते मोजा, मगच तेवढ्याच व्होल्टचा रिले घ्या.

डॅशखालचं जे इलेक्ट्रॉनिक कार्ड रिलेला चालू-बंद करतं ते म्हातारपणी लहरी होतं. रिले चिकटला आणि तुमच्या लक्षात आलं नाही, तर आठही प्लग एका बैठकीत जातात. मी कार्ड काढून दाबून धरायचं बटण बसवलं आहे. कडक थंडीत आठ ते दहा सेकंद दाबायचं, सोडायचं, लगेच स्टार्टर मारायचा. बटणाशेजारी एक छोटा दिवा प्लगच्या तारेवरून दिला आहे. बटण सोडल्यावर तो विझला नाही तर रिले चिकटला हे तत्क्षणी कळतं. एवढं करूनही सुरू होत नसेल तेव्हा कुणीतरी हमखास ईथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या फवाऱ्याचा, डबा पुढे करतो. नाही म्हणा. तापलेले प्लग आणि ईथर एकत्र आले तर तो इनटेकमध्येच, नको त्या क्षणी पेट घेतो. पिस्टन आणि तुमचा चेहरा, दोन्ही जाऊ शकतात.

स्टार्टरच्या बाबतीत एक पट्टी बघा. स्टार्टर जड आहे, चोवीस व्होल्टवर तो जबर झटका देतो, म्हणून त्याचं पुढचं टोक एका छोट्या आधारपट्टीने इंजिनला बांधलेलं असतं. स्टार्टर बदलताना ही पट्टी लावणं किचकट असतं, म्हणून पुष्कळ जण ती फेकून देतात. माझ्या ट्रकला ती नव्हतीच. आधीच्या मालकाने काम बाहेरून करून घेतलं होतं आणि तिथे ती राहून गेली. एका सकाळी दोनपैकी एक बोल्ट तुटला, स्टार्टर वाकडा झाला आणि फ्लायव्हीलचे चार दात घेऊन गेला. नशिबाने ब्लॉकचा कान शाबूत राहिला. तो तुटला असता तर ब्लॉकच बाद. खाली वाकून पट्टी आहे का बघा. नसेल तर मिळवा. बोल्टही त्याचेच घ्या, ज्यांच्या मधल्या भागावर खवले असतात. तेच स्टार्टरला जागेवर धरतात.

याच स्टार्टरची दुसरी खोड म्हणजे रिले चिकटून चावी सोडल्यावरही तो फिरत राहणं. तेव्हा बॅटरी तोडणं हा एकच उपाय असतो, आणि बॉनेट उघडून पाना शोधेपर्यंत केबल जळते. खालचीच्या ऋण टोकावर हाताने फिरवायचा तोडस्विच लावून घ्या. रात्री उभी करताना मी तो बंदच करते.

सांध्याच्या गोष्टी इथवर. राहिलं डिझेल.

स्टार्टर जोमात फिरतो, प्लग तापतात, तरी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, धूर मात्र येत नाही. धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलं नाही. बहुतेक वेळा ते रात्री टाकीकडे परत उतरलेलं असतं, कारण कुठूनतरी हवा शिरते आहे. या गळतीतून डिझेल बाहेर ठिबकतंच असं नाही, त्यामुळे जमिनीवर डाग शोधून उपयोग नाही. इंजेक्शन पंपाच्या (नोझलांना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) वरून निघणाऱ्या परतीच्या नळीचा हातभर तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवा. नवरा चावी फिरवतो, मी नळीकडे बघते. अखंड डिझेल दिसलं तर हवा नाही. बुडबुडे दिसले तर टाकीपासून पुढे यायला लागा: टाकीवरच्या रबरी नळ्या, चेसिसवरचे जोड, फीड पंपाकडची नळी, फिल्टरच्या कड्या. नोझलांना एकमेकांशी जोडणाऱ्या बारीक परतीच्या नळ्या आणि त्यांच्या शेवटच्या टोप्या यांकडे कुणी बघत नाही, आणि चाळीस वर्षांची ती रबरं बोटांनी चुरता येतात. मी पहिल्याच वर्षी टाकीपासून पंपापर्यंतचं सगळं रबर बदललं. हे काम दोन दिवसांचं आहे, अंगावर डिझेल सांडतं, आणि त्यानंतर मला सकाळी कधी तिष्ठावं लागलेलं नाही.

फिल्टर बदलल्यावर एअर काढायची तर पंपाच्या शट-ऑफची गुलाबी तार उपसा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. बुडबुड्यांविना डिझेल आलं की स्क्रू आवळा, तार जोडा. त्यानंतर नोझलच्या नटांवरून एअर काढायची वेळ आली तर नट जेमतेम पाव फेरा सैल करा, भोवती चिंधी धरा आणि हात लांब ठेवा. नोझल दीड हजार पीएसआयच्या वर उघडतं. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. वर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, आत मांस सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब इस्पितळात जा.

दहा मिनिटं छान चालून इंजिन आपोआप बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, अशी तक्रार आली तर पंप खोलण्याआधी त्याच्या वरचा परतीचा जोड काढा. त्यात एक बारीक व्हॉल्व्ह आहे. तिथे काळे, मऊ कण दिसले, तर स्टॅनाडाइन डीबी-२ पंपाच्या आतली गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाची) लवचीक रिंग चुरत चालली आहे. ते कण परतीची वाट अडवतात, पंपात दाब साठतो आणि इंजिन थांबतं. जोड धुवून लावलात तर घरी पोचाल, पण ही रिंग घरी बदलण्यातली नाही; पंप उतरवून कॅलिब्रेशन करणाऱ्याकडे द्या. उतरवण्याआधी पंपाच्या कडेवर आणि पुढच्या कव्हरवर टाइमिंगच्या खुणा जुळतात का ते बघा, त्यांचा फोटो काढा आणि परत तसाच बसवा.

एक धोका मात्र डिझेलचा नाही, आणि त्यात इंजिन कायमचं जातं. इंजिनच्या मागच्या टोकाला जो व्हॅक्यूम पंप उभा असतो, त्याचा दांडाच खाली ऑइल पंप फिरवतो. व्हॅक्यूम पंप काढून ठेवला, भोकावर चिंधी टाकली आणि ‘जरा सुरू करून बघू’ म्हटलं, तर इंजिनात ऑइलचा दाब शून्य असतो. मेन बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही. तो काढलेला असताना मी स्टिअरिंगवर कागद चिकटवते आणि चावी खिशात ठेवते. याच पंपाच्या व्हॅक्यूमवर गिअरबॉक्स गिअर केव्हा बदलायचा ते ठरवतो, म्हणून गिअर उशिरा, धक्क्याने पडू लागले तर गिअरबॉक्सचं तेल बघून झाल्यावर आधी या बारीक नळ्या तपासा.

क्रँकच्या पुढच्या टोकाला असलेल्या बॅलन्सरच्या दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असतं. टॉर्च घेऊन दर वसंतात त्यावर उजेड टाका. रबर फुगून बाहेर आलं असेल, भेगाळलं असेल, तर लगेच बदला. तो निकामी झाला की क्रँकची थरथर कुणी शोषत नाही, आणि या इंजिनात क्रँक तुटतो. ऑइलचं सोपं आहे: १५डब्ल्यू-४०, फिल्टरसह सात क्वार्ट.

बाकी ब्रेक, ग्रीसिंग, बेअरिंग हे कुठल्याही जुन्या पिकअपसारखंच. रस्त्यावर मीठ टाकतात तिथे राहत असाल तर चेसिसवरून मागे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी हाताने चाचपून बघा; खपली निघाली की नळी बदला. आणि दिवे, हॉर्न, ब्रेकचा लाल दिवा एकदम गायब झाला तर फ्यूज शोधण्याआधी ब्लॅकआउटचा, म्हणजे अंधारात गाडी लपवायला नेहमीचे दिवे बंद करणारा, स्विच बघा. माझ्या भाचीने सहज फिरवला होता. मी दुपारभर वायरिंग तपासत होते.

रंगाला हात लावण्यापूर्वी थांबा. सैन्याचा तो मळका हिरवा रंग रासायनिक हल्ला झाला तरी धुता यावा असा बनवलेला आहे, आणि जुन्या थरांत क्रोमियमची विषारी संयुगं असू शकतात. कोरडा कधीही घासू नका, ग्राइंडर तर नकोच. गंजाच्या जागा ओल्या पॉलिश पेपरने, मुखवटा घालून, मोकळ्या हवेत घासा, पाणी कापडावर टिपून घ्या, ते कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका. स्प्रे करायचा असेल तर तसल्या रंगात आयसोसायनेट असतात. साध्या मुखवट्याने ते अडत नाहीत.

सैन्याची दुरुस्ती-पुस्तकं सार्वजनिक आहेत, आणि टीएम ९-२३२०-२८९-२० हे पुस्तक तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल. वायरिंगची पानं मी छापून, लॅमिनेट करून सीटमागे ठेवली आहेत. सीटखाली डब्यात असतात: दोन ६०जी प्लग, एक रिले, फिल्टर, हातभर पारदर्शक नळी आणि तिच्या क्लिपा, टेस्ट लॅम्प, मीटर, आणि एक वही, जिच्यात तारखेसह ख आणि व चे आकडे आहेत.